सतरा नंबरची कोरी बाटली

माझं बूड पालथं करून बघा. हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेला आकडा दिसेल. सतरा. तोच माझा जन्मदाखला.

मी तपकिरी काचेची बाटली आहे. उगाच बोलत बसायची मला सवय नाही. पण यंदा भादव्यात एका सच्च्या माणसावर आळ आला. तो माझ्यामुळे आला आणि माझ्यामुळेच उतरला. ते दिवस आठवले की माझी काच अजून थरथरते. म्हणून बोलते.

शिक्षण माझं झालेलं नाही. तीस वर्षं प्रयोगशाळेच्या फडताळात राहिले, जेवढं कानावर पडलं तेवढं कळतं. पण जे कळतं ते पक्कं.

जन्म भट्टीतला. भट्टी कुठली, ठाऊक नाही. तणसात गुंडाळून, खोक्यात बसून गोंदियाच्या एका कॉलेजात उतरले. आम्ही चोवीस जणी होतो, आता पाच उरलो. बाकीच्या शिकाऊ पोरापोरींच्या हातून फुटल्या. मी फुटले नाही, कारण मला धुणारे हात चांगले होते.

त्या हातांचा मालक शालिकराम. प्रयोगशाळेचा परिचर. सातवी शिकलेला, बोलायला कडक. त्याचं धुणं बघण्यासारखं असे. आधी साबण. मग नळाखाली दहा वेळा. मग आम्लाची अंघोळ, मग शुद्ध पाणी, मग भट्टीची ऊब. शेवटी उजेडात धरून तो पाहायचा, आतलं पाणी थेंबाथेंबानं चिकटतं का. पाणी पडद्यासारखं सरसर उतरलं तर पास. एक थेंब अडला तर परत साबण. कोणी म्हणालं, ‘‘काका, एवढं कायले?’’ तर त्याचं उत्तर ठरलेलं. ‘‘मले जमते म्हणून.’’

पुसायला कापड त्यानं कधी वापरलं नाही. बाटली पालथी ठेवायची, आपोआप वाळू द्यायची. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

दोन वर्षांपूर्वी आचल मॅडम आल्या आणि माझ्या आयुष्यात जान आली. मॅडम आमगावच्या. बाहेर शिकून परत आल्या, येताना एक काम घेऊन आल्या. धानावर जे औषध फवारतात ते माणसाच्या अंगात किती जातं, ते मोजायचं. कशातून मोजायचं? लघवीतून.

कॉलेजात लोक हसले. मीही मनात हसले. मग मॅडमनी शालिकरामला समजावून सांगितलं, तेव्हा माझं हसू थांबलं. औषध अंगात गेलं की तसंच राहत नाही. शरीर त्याला मोडतं आणि मोडलेले तुकडे लघवीवाटे बाहेर टाकतं. तुकडे मोजले की आत किती गेलं होतं त्याचा अंदाज लागतो. सुई नको, रक्त नको. पण तुकडे फार बारीक. भरल्या बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, चिमूटभर मीठ टाकायचं आणि ते शोधून काढायचं, इतके.

ते कसं शोधतात, तेही मी रोज पाहिलं. लघवी आधी बर्फात येते. मग कोमट करून तिच्यात एक रसायन घालतात, म्हणजे अडकून बसलेले तुकडे मोकळे होतात. मग बोटाएवढ्या नळीतून ती थेंबथेंब गाळतात. नको ते वाहून जातं, हवं ते नळीत धरून राहतं. ते दोन थेंबांत सोडवून घेतात आणि थंड खोलीतल्या यंत्राला पाजतात. यंत्र पडद्यावर रेषा काढतं. तुकडे असले तर रेषा डोंगरासारखी उठते. डोंगर जेवढा उंच, तेवढं औषध जास्त. पहिला डोंगर उठला तेव्हा मॅडम टाळ्या वाजवून ओरडल्या, ‘‘काका, दिसलं!’’ शालिकराम चष्मा पुसत म्हणाला, ‘‘दिसनारच. बाटली कोनी धुतली?’’

आता माझं काम सांगते. मी कोरी. दर खेपेला दोन बाटल्या कोऱ्या ठेवतात. त्यांत लघवी नसते, शुद्ध पाणी असतं. पण त्या सगळ्यांबरोबर गावाला जातात, तिथेच भरल्या जातात, बर्फात बसून परत येतात, त्याच नळीतून आणि त्याच यंत्रातून जातात. कोऱ्या बाटलीची रेषा सपाट आली, तर बाकीच्या खऱ्या. तिनं डोकं वर काढलं, तर कुठेतरी घाण शिरली. मग सगळ्या फेकायच्या. मागाहून घेतलेल्या चाळीस जणी भरून येतात आणि त्यांची साक्ष मी देते. रिकाम्या बाटलीला काय काम, असं विचारणाऱ्याशी मी बोलत नाही.

यंदा भादव्यात आम्ही केशोरीच्या पुढच्या एका टोलीवर, लहानशा वस्तीवर, गेलो. धान पोटरीत आलेलं, तुडतुडे पडलेले, गावभर फवारणी चालू. हेच दिवस हवे होते. पंधरा दिवस उशीर झाला की हंगाम सरतो, मग पुढल्या वर्षापर्यंत वाट बघा.

संध्याकाळी मॅडमनी घरोघर बाटल्या वाटल्या. सकाळची पहिली लघवी हवी होती. भागीरथाबाईच्या ओट्यावर बायकांचा घोळका जमला.

‘‘काऊन वो मॅडम,’’ भागीरथाबाई म्हणाली, ‘‘गोंदियाचे लोकं मुतत नाहीत का? एवढ्या दुरून न्यायले आल्या?’’

ओटा हसून हसून लोळला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, ‘‘मुततात आजी, पण त्यांच्या लघवीला एवढी किंमत नाही.’’

भागीरथाबाई साठीची. तिचा मुलगा रत्नपाल पाठीवर पंप घेऊन लोकांच्या बांधीत, धानाच्या खाचरात, फवारतो. सून रंजिता सहा महिन्यांची गरोदर. रोवणी झाल्यापासून ती शेतात गेलेली नव्हती. तिघांना तीन बाटल्या दिल्या. चौथी मी. कोऱ्या बाटलीनंही गावातल्या घरात रात्र काढावी म्हणून मॅडमनी मला तिथेच, पाटावर ठेवलं. दुसरी कोरी, अठरा नंबर, पेटीतच राहिली.

‘‘हिच्यात काही भरायचं नाही, आजी. उद्या मीच पाणी घालीन.’’

‘‘बरं.’’

मॅडमनी दहा सूचना दिल्या. झाकण खाली ठेवू नका, बोट आत घालू नका, उन्हात ठेवू नका. धुऊ नका, ही अकरावी सूचना दिली नाही. कोणाला सुचली असती?

पहाटे तिघांनी बाटल्या भरल्या, झाकणं घट्ट लावली. भागीरथाबाईनं त्या बाहेरून खळखळून धुतल्या. मग तिची नजर माझ्यावर पडली. मी रिकामी. लोकाचं रिकामं भांडं. तिनं माझं झाकण उघडलं, चुलीतली राख घेतली आणि आत बोटं घालून मला अशी घासली की शालिकरामची तीस वर्षं एका मिनिटात गेली. हातपंपाचं पाणी ओतलं, खळाळून फेकलं. आणि दोरीवरचा लाल दुपट्टा ओढून, त्याचं टोक आत कोंबून, मला कोरडी केली.

त्या दुपट्ट्याचा वास मी पहिल्याच घासणीला ओळखला. तसला वास मॅडमच्या कुलपातल्या कुपीला येतो. धानावरचं औषध. मी ओरडले. पण काच ओरडली तर ऐकतं कोण? मॅडम आल्या, माझ्यात शुद्ध पाणी ओतलं, झाकण लावलं, बर्फात बसवलं.

आठ दिवसांनी यंत्रानं निकाल दिला. अठरा नंबर सपाट. मी डोंगर.

मॅडमनी रेषा पुन्हा एकदा काढून पाहिली. मग कागद चाळू लागल्या. ‘‘रत्नपालचा आकडा मोठा, ते समजतं. तो फवारतो. भागीरथाबाई निंदायला जाते, तिचाही समजतो. पण रंजिता? ती शेतात गेलीच नाही, आणि तिचा आकडा जवळजवळ नवऱ्याएवढा. काका, इकडे या.’’

शालिकराम आला.

‘‘सतरा नंबरमध्ये याआधी काय ठेवलं होतं?’’

‘‘काही नाही.’’

‘‘औषधाचं पाणी करून ठेवलं असेल कोणी. धुताना राहिलं असेल. काका, खरं सांगा, मी रागावणार नाही.’’

‘‘मी धुतली. धुतली म्हणजे धुतली.’’

‘‘एक बाटली घाण निघाली तर चाळीस कशा खऱ्या मानू? सगळं फेकावं लागेल. पुन्हा जाईपर्यंत हंगामही सरेल. अहवालात मला लिहावं लागेल, काचेची भांडी नीट धुतली नव्हती.’’

दोन महिन्यांनी शालिकराम निवृत्त होणार होता. त्याच्या नावावर ना पदवी, ना बढती. त्याच्याकडे एकच वाक्य होतं : शालिकरामनं धुतलेली बाटली. आणि तेच अहवालात पुसलं जाणार होतं.

तो भांडला नाही. माझ्यातलं उरलेलं पाणी मॅडमनी दुसऱ्या बाटलीत काढून गोठवून ठेवलं होतं. त्यानं मला रिकामी उचललं आणि खिडकीत नेलं. उजेडात फिरवलं. एकदा, दोनदा. मग त्याचा हात थांबला. माझ्या आतल्या अंगाला बारीक ओरखडे होते. आणि गळ्याच्या आट्यांत, जिथे झाकण फिरतं, तिथे एक लाल धागा अडकला होता.

तीस वर्षांत मी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला.

‘‘मॅडम! हे काय आहे?’’

‘‘धागा दिसतो.’’

‘‘लाल धागा. मी लाल कापड वापरत नाही. मी कापडच वापरत नाही!’’

मॅडम काही बोलायच्या आत त्यानं धाग्यासकट मला कागदात गुंडाळलं. ‘‘सुट्टी टाकून राहिलो उद्याची. अहवाल लिहायचा थांबा.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लारशाच्या गाडीनं आम्ही अर्जुनीला उतरलो, तिथून काळीपिवळीनं केशोरी, तिथून पायी टोली. पिशवीत मी, मला भान नव्हतं. हाच रस्ता, हेच घर, आता खरं बाहेर पडणार! शालिकराम भरभर चालत होता. साठीला आलेला माणूस, पण पाऊल विशीतलं.

‘‘जय भीम, बाई.’’

‘‘जय भीम, भाऊ. बसा. सूनबाई, पानी आन वो.’’

शालिकराम बसला नाही. मला बाहेर काढून समोर धरलं. ‘‘हे बाटली वळखता?’’

‘‘मंग! मॅडमची. एक रात्र होती न आमच्या घरी.’’

‘‘धुतली होती का तुम्ही?’’

‘‘हो तर! राखेनं घासली, आतून बाहेरून. चमकली का नाही?’’

‘‘कायले धुतली?’’

भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘कायले म्हंजे? लोकायचं भांडं बिनधुतलं परत देऊ का? मायनं शिकवलं नाही का मले? तुमच्याकडं देतात का तसंच?’’

 शालिकराम खाली बसला, आणि हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. जन्मभर भांडी धुतलेल्या माणसाला भांडी धुणारीनंच गोत्यात आणलं होतं. राग कोणावर धरणार?

‘‘बाकीच्या तीन?’’

‘‘त्या भरल्या होत्या. त्यायले वरून धुतलं. झाकन कायले उघडू? मॅडमनं सांगितलं होतं न.’’

हे ऐकलं आणि मी शालिकरामच्या हातातून टुणकन उडाले असते, एवढा आनंद झाला. घाण एकटी मी! चाळीस खऱ्या!

‘‘पुसली कशानं?’’

‘‘या दुपट्ट्यानं.’’

तिनं बोट दाखवलं. दोरीकडे नाही, पाण्याच्या गुंडाकडे. लाल दुपट्टा चार पदरी करून गुंडाच्या तोंडावर बांधलेला होता. रंजिता त्यातूनच गाळलेलं पाणी पेल्यात घेऊन उभी होती.

‘‘हा कोनाचा?’’ शालिकरामनं विचारलं.

रत्नपाल दारातून आत येत होता. ‘‘माझा होय, काका. फवारताना तोंडाले बांधतो. मास्क समजा! एकदम देसी.’’

‘‘आन् मंग धुतो?’’

‘‘बोडीत खंगारतो, दोरीवर टाकतो. टेन्शन नका घेऊ, रोज खंगारतो.’’

पेला शालिकरामच्या हातात आला होता. त्यानं तो तोंडाला लावला नाही. हळूच खाली ठेवला. त्याचे ओठ हलत होते. एक एक गोष्ट जोडत होता तो. दुपट्टा. बाटली. गुंड. आणि शेतात न जाणारी सून.

‘‘सूनबाई, पानी रोज यातूनच गाळते?’’

‘‘हो, काका. आत्याबाई गाळल्याशिवाय पिऊच देत नाहीत. पोटुशीले गढूळ पानी नको म्हणतात.’’

‘‘बाई,’’ शालिकराम भागीरथाबाईला म्हणाला, ‘‘जे माझ्या बाटलीत गेलं, तेच या गुंडात जाऊन राहिलं.’’

 

भागीरथाबाईचा हात कमरेवरून खाली आला. ‘‘म्हंजे... म्याच पाजलं का तिले?’’

‘‘तुम्हाले कोनी सांगितलं नव्हतं,’’ शालिकराम म्हणाला. ‘‘आता सांगितलं.’’

 मग ती वादळासारखी सुटली. गुंड दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणात उपडा केला. पाणी फाटकापर्यंत धावलं. रत्नपालच्या गळ्यातला दुसरा दुपट्टाही तिनं ओढला. ‘‘फेक! तोंडाले बांधते म्हने. देसी मास्क म्हने! बायको घरी पोटुशी, आन् हा तोंड पुसून तेच घरी आनते!’’

‘‘अवं माय, मले तरी कुठं माहीत...’’

‘‘फेकू नका,’’ शालिकराम ओरडला. ‘‘लाल वाला मले द्या.’’

‘‘काका, नवाच होय तो,’’ रत्नपाल म्हणाला.

‘‘असू दे. औषध आहे त्याच्यात, यंत्रासमोर बोलंल.’’

परतीच्या गाडीत माझ्याशेजारी, डब्यात बंद, तो दुपट्टा होता. शालिकराम खिडकीशी बसून गुणगुणत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागले होते, पण मॅडम गेल्या नव्हत्या. शालिकरामनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडमचे डोळे मोठे होत गेले. मग त्या एकदम उठल्या.

‘‘काका! मी फक्त तुकडे शोधत होते. दुपट्ट्यातलं औषध अंगातून गेलेलं नाही, म्हणजे ते न मोडलेलं, आख्खं असणार. माझ्या रसायनानं त्यातलं थोडं मोडलं, म्हणून डोंगर उठला. आता आख्खं शोधते. सतरा नंबरच्या पाण्यात ते असलं आणि चाळीस बाटल्यांत नसलं, तर...’’

‘‘तर?’’

‘‘तर तुमचं धुणं खरं. आणि चाळीस बाटल्या खऱ्या.’’

यंत्राला दोन दिवस उसंत मिळाली नाही. मी टेबलाच्या कडेला, सगळं बघत. माझ्यातून काढलेल्या पाण्याची पाळी आली. रेषा चालली, चालली, आणि उठली! आख्खं औषध! दुपट्टा धुतलेल्या पाण्याचा डोंगर तर पडद्यातच मावेना. मग चाळीस बाटल्या, एकेक करून. सपाट. सपाट. सपाट. तुकडे होते, पण आख्खं औषध एकीतही नव्हतं. चाळिसावी सपाट आली तेव्हा मॅडमनी खुर्ची मागे ढकलली आणि शालिकरामच्या पाया पडायला वाकल्या. तो दोन पावलं मागे सरला.

‘‘काका, मी तुमच्यावर बोट ठेवलं.’’

‘‘ठेवलं ते बरं झालं. नसतं ठेवलं तर मी गेलो नसतो.’’

पण रंजिताचा आकडाही खरा ठरला होता. तो आनंद नव्हता. मॅडम दुसऱ्याच दिवशी टोलीवर गेल्या, तिला दवाखान्यात दाखवलं, आणि तीन आठवड्यांनी नवी बाटली दिली. त्या बाटलीची रेषा बघताना शालिकराम खुर्चीमागे उभा होता. आधीच्या डोंगराच्या जागी एक बांध दिसला. शेताचा असतो तेवढा.

‘‘बाळाले काही होनार नाही न?’’ त्यानं विचारलं.

‘‘ते हे यंत्र सांगत नाही, काका,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘एवढंच सांगतं, की आता आत जायचं थांबलं.’’

शालिकरामनं मान हलवली. ‘‘एवढं बस.’’

अहवालात त्याच्या भांड्यांविषयी वेगळंच वाक्य गेलं. मॅडमनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यानं बाटल्या दोनदा धुतल्या.

माझं काय झालं? राखेचे ओरखडे जात नाहीत. त्यांत औषधाचा कण लपून राहू शकतो. मोजमापाला मी आता चालत नाही. कोऱ्या बाटलीचा मान गेला. दोन दिवस वाईट वाटलं. मग शालिकरामचा शेवटचा दिवस आला. त्यानं मला फडताळातून काढलं. मला वाटलं, निरोपाची अंघोळ घालतो आहे. मी तयार होते. पण तो नळाकडे गेला नाही. त्यानं कागदाची पट्टी घेतली, सातवीच्या टपोऱ्या अक्षरात काहीतरी लिहिलं आणि माझ्या पोटावर चिकटवलं. मग मला मॅडमच्या हातात दिलं.

आता मी मॅडमबरोबर गावोगाव फिरते. देवरीला जाऊन आले, आमगावला तर चार वेळा. बाटल्या वाटायच्या आधी मॅडम मला वर धरतात, माझ्या गळ्यातला लाल धागा दाखवतात आणि दुपट्ट्याची गोष्ट सांगतात. बायका आधी हसतात, मग गप्प होतात, मग घरी जाऊन आपल्या गुंडावरचं फडकं बघतात. मागच्या महिन्यात टोलीवर ही गोष्ट भागीरथाबाईनंच सांगितली. मॅडमपेक्षा जोरात सांगितली. गुंड उपडा केला तिथे तर हातवारे करून.

तुमच्याही घरी कधी मी येईन. तुम्ही स्वच्छ माणसं आहात, मला माहीत आहे. तुमचे हात शिवशिवतील. पण माझ्या पोटावरची पट्टी आधी वाचा. जन्मभर धुत आलेल्या माणसानं लिहिली आहे :

‘धुऊ नये. — शालिकराम.’